पाचटाखालच्या विटा

"यावर पाचट कुणी घातलं?" दबोराने विचारलं.

हरिबा मिस्त्रींनी थापी बाजूला ठेवली. "हर्षदा मॅडमनी. उन्हानं विटा तडकत व्हत्या ना, तवा. वल्लं पाचट टाकलं की दिसभर गारवा ऱ्हातो. पानी बी कमी लागतं."

भट्टीत न भाजलेल्या विटा होत्या त्या. पायाच्या खोदाईतून निघालेल्या मुरमात थोडं सिमेंट मिसळून, हातमशीनवर दाबलेल्या. तळेगाव ढमढेऱ्याच्या या वसतिगृहासाठी ही कल्पना दबोरानेच मांडली होती, मीटिंगमध्ये हसणाऱ्यांना पुरून उरून मंजूर करून घेतली होती. पहिली खेप मात्र तडकली, आणि दुसरी खेप घालण्याआधीच तिची बाळंतपणाची रजा सुरू झाली. आता परत आली, तर भिंती खिडकीपर्यंत चढलेल्या.

तिने एक वीट उचलून कडेला नख लावलं. माती निघाली असती तर बरं वाटलं असतं. निघाली नाही.

पाचट. उसाचा वाळका पाला. केंदूरला तिच्या वडिलांच्या उसात ढिगानं पडायचं ते. त्यात लोळून अंगाला खाज सुटली की आई ओरडायची. आणि ते सुचावं कुणाला, तर वाकडच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या हर्षदाला.

रजेपुरती तिच्या जागी आलेल्या हर्षदाची मुदत आज संपत होती. वसतिगृहाच्या दुसऱ्या इमारतीला तिला सोबत ठेवायचं की सोडायचं, साइट तुमची, तुम्हीच सांगा, असं कंपनीचे महेंद्र सर सकाळी फोनवर म्हणाले होते. एका साइटला एक इंजिनिअर पुरे, हे उत्तर दबोराने शिरूरहून येताना बसमध्येच तयार ठेवलं होतं.

हर्षदा धावत आली, बाळाचा फोटो मागितला. दबोराने फोन हातातून न सोडता दाखवला. "इवा ना? किती गोड," हर्षदा म्हणाली. नावही हिला माहीत होतं.

दुपारपर्यंत दुधाने छाती दगडासारखी जड झाली. कुठे बसता येईल, असं विचारल्यावर हरिबांनी खाली बघतच लिंबामागे बोट दाखवलं. तिथे छोटासा आडोसा होता. वर पाचटाचं छप्पर. आत विटांवर पाणी मारणारी रुपाली लेकराला पाजत होती. तिने काही न विचारता सरकून जागा दिली.

दूध काढायचा पंप पिशवीतून काढता काढता दबोराची नजर भिंतीवर गेली. एकूण एक वीट तडकलेली. तिने लगेच ओळखल्या, तिच्याच पहिल्या खेपेच्या.

"टाकनार व्हते ह्या विटा," रुपाली म्हणाली. "पर हर्षदा मॅडम म्हनल्या, टाकायच्या न्हाईत, दबोरा मॅडमच्या हायत. त्यांनीच काम सुरू केलं. आन् त्या येतील तवा त्यांचं बाळ बी ल्हान आसंल, त्यास्नी बी बसाया लागंल." तिने लेकराला दुसऱ्या अंगाला घेतलं. "तुमी नव्या का?"

"हो," दबोरा म्हणाली. "आजच आले."

फोन वाजला. महेंद्र सर होते. दबोराने पंप मांडीवर ठेवून फोन घेतला.

"ठेवू या तिला," ती म्हणाली. आवाज कोरडाच निघाला. "दुसऱ्या इमारतीला पाचट जास्त लागेल."

हर्षदावरचं आतलं जळणं थांबलं नव्हतं. तिने पाठ भिंतीला टेकली. बोट नकळत एका विटेच्या चिरेवर गेलं. ती चीर कुणीतरी चुन्याने भरून, वरून हात फिरवून गुळगुळीत केली होती.