एरचच्या भेगेतली गोगलगाय

मी एक गोगलगाय बोलतेय. शिंगं काढून भिंतीवर चढणारी नव्हे. माझा केव्हाच दगड झालाय. चिंचोक्याएवढी आहे मी, एका गारगोटीत घट्ट बसलेली. शंखाचे वेढे मात्र अजून दिसतात.

माझा जन्म दूर दक्षिणेला एका उथळ तळ्यात झाला. त्या काळी तिकडे जमीन फाटून तापलेला रस वाहायचा, थिजायचा, आणि मग कितीतरी वर्षं सगळं शांत. त्या शांततेत पाणी साठून आमचं तळं झालं होतं. शेवाळ खायचं, गाळात पडून राहायचं, एवढाच आमचा संसार. पुढे पुन्हा रस आला. तळ्याचं काय झालं ते मी पाहिलं नाही, मी त्याआधीच मेले होते.

कोट्यवधी वर्षं मी काळ्या कातळाखाली होते. कातळ झिजला तेव्हा गारगोटीसकट नदीत पडले. बेतवेने मला उत्तरेकडे लोटत आणलं. बरोबरच्या बहिणी वाटेत कुठे कुठे राहिल्या ते कळलंही नाही. एका मोठ्या पुरात मी झाशीकडच्या एरच गावाजवळ ग्रॅनाइटच्या भेगेत पडले, वर माती बसली, आणि पाणी पुन्हा तेवढं कधी चढलं नाही.

हा ग्रॅनाइट फार म्हातारा. तो तयार झाला तेव्हा पृथ्वीवर शंखवाला जीवच नव्हता. मी त्याला तळ्याची गोष्ट सांगावी, तर त्याला तळ्यातलं कुणीच ठाऊक नाही. त्याच्या कुशीत राहून मी एकटीच होते.

मला बाहेर काढलं ते कल्याणीने. ती झाशीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची, हंगामी नेमणुकीवर. मुलांची सहल घेऊन ती नि तिचा सहकारी भूषण एरचला आले होते. तिने भेगेतली माती उकरली आणि मी तिच्या तळहातावर आले.

भूषणने लगेच मोबाइलवर व्हिडिओ काढला. "ढाई सौ करोड़ साल पुराने पत्थर में घोंघा," असं म्हणून त्याने तो इंटरनेटवर टाकलाही. दोन दिवसांत मी गाजले. कुणी म्हणे विज्ञान खोटं ठरलं, कुणी माझ्या दर्शनाला येऊ लागलं. प्राचार्यांनी कल्याणीचा सत्कार ठरवला. तिला नोकरीत कायम करण्याची गोष्टही निघाली.

ती मात्र मला घरी घेऊन गेली. झाशीत दतिया गेटपाशी तिचं घर. आई गेलेली, भाऊ पुण्याला. घरात मराठी बोलायला ती आणि तिचे वडील जगन्नाथराव, दोघंच उरलेली. भिंगाखाली मला बराच वेळ पाहून ती म्हणाली, "बाबा, ही त्या खडकातली नाही. भेगेत मागाहून आलीय."

"खात्री आहे तुझी?"

"उद्या जाऊन बघते."

ती एकटीच बसने एरचला गेली. माझ्या भेगेतली उरलेली माती तिने बोटांनी चाळली. तीत काळ्या दगडाचे गुळगुळीत खडे निघाले, नदीने घासलेले. ते खडेही माझ्यासारखेच परगावचे.

मग तिने मला कापलं. मला ओळखायचं तर दुसरा उपाय नव्हता. माझा एक तुकडा नागपूरच्या जाणकारांकडे गेला. गोड्या पाण्यातली गोगलगाय, दक्षिणेकडच्या काळ्या कातळाच्या मुलखातली, असं त्यांनी फोनवर सांगितलं. तो तुकडा परत आलेला नाही.

सत्काराच्या दिवशी सभागृह भरलं होतं. हार गळ्यात पडायच्या आत कल्याणीने माइक घेतला आणि साध्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. खडक जुना आहे, गोगलगाय त्यापेक्षा खूप नवी आहे, तिला नदीने आणलं आहे. चमत्कार काही नाही. मागच्या रांगा आधी उठल्या.

"कल्याणी जी, आज ही बोलना ज़रूरी था?" प्राचार्य म्हणाले.

भूषण जिन्यात भेटला. "मॅडम, परमनंट होने तक तो रुक जातीं."

"तब तक क्लास में क्या पढ़ाती, भैया?" ती म्हणाली.

घरी जगन्नाथरावांनी मला हातात घेतलं. "म्हणजे ही इथली नव्हेच?"

"नाही. पण येऊन हजारो वर्षं झाली असतील."

"आणि आपलं घराणं महाराष्ट्रातून इथे येऊन अडीचशे." ते हसले. "आपल्यापेक्षा जुनी झाशीकर आहे की मग. तरी आम्हाला अजून विचारतातच, आप कहाँ के हैं?"

कल्याणीला हसू आलं नाही. ती उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली.

कायम होण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. पुढच्या वर्षी नेमणूकही झाली नाही. तिला रायपूरला नोकरी मिळाली, वडिलांना घेऊन ती गेली. दतिया गेटच्या घराला कुलूप लागलं. मला न्यावं असं तिच्या मनात होतं, मी पाहिलंय. निघायच्या दिवशी कॉलेजात येऊन तिने मला पिशवीत घातलं आणि पुन्हा बाहेर काढलं. "तू सापडलीस इथे, तुला इथेच राहायला हवं," ती मला म्हणाली. त्यानंतर या इमारतीत मराठी शब्द माझ्या कानावर आला नाही.

आता मी कॉलेजच्या काचेच्या कपाटात असते. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटचे तुकडे. मुलं येतात, माझा फोटो काढतात, 'वही वाला घोंघा' म्हणतात. मी इथवर कशी आले, हे फारसं कुणी विचारत नाही.

तुम्हाला एकच सांगते. बेतवेच्या वाळूत कधी फिरलात आणि गारगोटीत असा शंख दिसला, तर खिशात घालून घरी नेऊ नका. आधी तो कुठे, कशात पडला होता ते नीट बघा. मग त्याला इथे आणा. माझ्या शेजारी जागा आहे.