बिळाचा पत्ता

सोसायटीत कुणाला नको तो ओटीपी आला की तो आधी माझ्याकडे धावतो. ‘मोबाईल जपून वापरा’ या विषयावर गणपतीत मीच भाषण ठोकलं होतं, टाळ्याही घेतल्या होत्या. तेव्हा पुढचं वाचताना हा निकेत किती शहाणा, ते ध्यानात असू द्या.

माझी सासुरवाडी नागावच्या अलीकडे, खाडीला लागून. सासरे दिनानाथ, त्यांना मी मामा म्हणतो. खाडीच्या बांधात चिंबोरीचं, म्हणजे मोठ्या खेकड्याचं, एक बीळ त्यांच्या वडिलांपासून चालत आलेलं. लोखंडी आकडीनं चिंबोरी अलगद ओढायची, बीळ मोडायचं नाही. मग काही दिवसांनी दुसरी येऊन राहते. असलं बीळ गावात कुणी कुणाला दाखवत नाही. हे ठाऊक होतं फक्त मामांना आणि त्यांच्या धाकट्या भावाला, सदाकाकांना. एका अमावस्येला मामा मला घेऊन गेले. माझी बायको विनिता म्हणाली, सख्ख्या मुलीला कधी दाखवलं नाही त्यांनी. झालं, आम्ही फुगलो.

आता एवढी मांसानं भरलेली चिंबोरी हातात आल्यावर फोटो नको? काढला. पण मी काय येडा आहे? खाडी दिसू दिली नाही, बांध नाही, तिवरं नाहीत. नुसता हात, चिंबोरी आणि चिखल. ऑफिसातल्या खवय्यांच्या ग्रुपवर टाकला, तोही डॉक्युमेंट करून, कारण साधा पाठवला तर धुरकट होतो आणि नांग्यांचे दात नीट दिसत नाहीत. रितेशनं कुठली म्हणून विचारलं, तर मी नुसतं डोळा मारणारं चित्र पाठवलं.

पुढच्या रविवारी मामांचा फोन. कुणीतरी गाडी घेऊन आलं आणि फावड्यानं बीळ पार खणून गेलं. सदानंच पैशासाठी जागा दाखवली, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं. दोघांची घरं समोरासमोर, आणि मामांनी भावाशी बोलणं टाकलं.

मला ग्रुपवरचा फोटो आठवला. रितेशला धरलं, तर तो हसायलाच लागला. माझाच फोटो उघडून त्यानं खालची माहिती दाखवली. तारीख, वेळ, आणि नकाशावर लाल टिंब, थेट आमच्या बांधावर. फोटो काढताना मोबाईल जागाही टिपून ठेवतो आणि डॉक्युमेंट केलं की ती तशीच्या तशी पुढे जाते.

“पत्ता पाठवलास, वर डोळा मारलास,” रितेश म्हणाला. “आम्हाला वाटलं, बोलावतोयस.”

गप्प बसलो असतो तर कुणाला कळणार होतं? जावयाचा मान शाबूत राहिला असता. तसा विचार केलाही मी, खोटं कशाला बोलू. पण सदाकाका न केलेल्या गोष्टीसाठी दारात मान खाली घालून बसतात, असं विनितानं सांगितलं आणि मला माझीच शरम वाटली. गेलो, दोघांना समोर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं.

मामा ओरडले नाहीत. फोटो जिथं काढला तीच जागा दाखवतो का, एवढंच विचारलं. मी होय म्हटलं. मग त्यांनी सदाकाकांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही. माझ्याकडे कुणी बघेना.

पुढच्या अमावस्येला मामांनी बोलावलं, मोबाईल आणा म्हणाले. मला इतका आनंद झाला की अर्ध्या दिवसाची रजा टाकली. दोघा भावांनी मला नेलं ते गावाबाहेर, कचरा टाकतात त्या खड्ड्याजवळ. सदाकाकांनी गोणीतून चिंबोरी काढली, आधीच्यापेक्षा मोठी.

“धरा हातात, काढा फोटू,” मामा म्हणाले. “आनि पाठवा दोस्तांना. तसाच, डाकूमेंट करून.”

पोट धरून हसलो मी. फोटो काढला, पाठवला. परत येताना सहज विचारावं तसं विचारलं, ही कुठल्या बिळातली.

सदाकाकांनी मामांकडे पाहिलं. मामा थांबले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“खायला या की, जावय. खायला कदी न्हाय म्हटलंय?”

प्रेमानंच बोलले हो. म्हणून तर जास्त लागलं.