भोरड्या उतरायच्या वेळी

डब्याचं झाकण ओट्यावरून निसटलं, फरशीवर पडलं आणि तिथंच गप्प बसायचं सोडून गरगरत दारापर्यंत गेलं. दुपारचं घर सगळं निजलेलं. प्रांजलनं धावत जाऊन झाकणावर पाय ठेवला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. सोप्यातल्या कॉटवरून आवाज आला, "निघालीस व्हय?"

"व्हय आत्या."

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई, सुलाबाई.

"थांब मग. लुगडं बदलते. सृष्टीलाबी उठवते."

म्हणजे विसरल्या नव्हत्या. सकाळपासून त्यांनी विषय काढला नव्हता, म्हणून प्रांजलला वाटलं होतं की चिवड्याचा डबा भरावा, दुर्बीण गळ्यात अडकवावी आणि मांजरासारखं बाहेर पडावं.

थंडीच्या दिवसांत दर रविवारी दुपार कलली की प्रांजल गावाबाहेरच्या तलावावर लोकांना पाखरं दाखवायला न्यायची. ज्यांनी कधी दुर्बीण हातात धरली नाही अशी माणसं यायची, पोराबाळांसकट. कडेगावातनं, विट्यातनं, एकदा तर लोणंदहून जीप भरून. सांगलीला कॉलेजात असताना लागलेला हा नाद. लग्न झालं, सृष्टी झाली, तसा तो आपोआप विझला असं ती धरून चालली होती. मग एकदा चपाती लाटताना मागच्या दारातून चक्रवाकांची जोडी तलावाकडं उतरताना दिसली. ती बघत राहिली, तव्यावरची चपाती काळी झाली, आणि नाद काही विझला नव्हता हे तिला कळलं. आठवडाभर ती कुणाची तरी सून असायची, कुणाची आई, फौजेतल्या माणसाची बायको. रविवारच्या त्या तेवढ्या वेळात ती नुसती प्रांजल असायची.

गेल्या रविवारी सृष्टी तापलेली असताना प्रांजलला घरी यायला अंधार पडला. सुलाबाई भांडल्या नाहीत. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. नातीच्या कपाळावरची घडी बदलत त्या म्हणाल्या, "लेकरू माझ्यापाशी टाकून रानात काय बघत हिंडतीस ते फुडच्या आईतवारी म्याच येऊन बघते. मग सांगते, जायाचं का न्हाई ते." रात्री फोनवर नवऱ्यानं, धनाजीनं, ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझं तू बघ, पण आईचं मन मोडून नको." झालं. निकाल सुलाबाईंच्या हातात गेला.

तलावाच्या भिंतीवर आप्पासो आधीच हजर होते. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला गडी. मोठी दुर्बीण तिकाटण्यासकट अशी खांद्यावर टाकून यायचे की नव्या माणसाला वाटावं आता गोळीबारच होतोय.

"आवं वयनी, तुमी? आज इन्स्पेक्शन हाय का काय?"

"व्हय. सुनंची ड्यूटी बघाय आले."

"मग आमाला सावधान राहायला पायजे," म्हणत आप्पासोंनी शर्टाचं वरचं बटण लावलं.

माणसं जमली. कडेगावच्या शाळेतल्या संयोगिता बाई आपल्या दोन पोरांना घेऊन आल्या होत्या. सांगलीचं एक जोडपं होतं आणि त्यातल्या नवऱ्याला सगळ्याची घाई होती. प्रांजलनं नेहमीसारखं सुरू केलं, पण आज तिचा आवाज तिलाच परका वाटत होता.

"मोठ्यानं बोलायचं नाही. टाळी नाही, शिट्टी नाही. पाखरू दिसलं की हात झटकन वर करायचा नाही. ही पाखरं लय लांबून येतात. आपल्या धास्तीनं एकदा उडाली, की दिवसभर पोटात घातलेलं तेवढ्यात खर्च होतं."

"आन् म्या जलमभर त्यास्नी उपाशी हाकललं," सुलाबाई मागनं म्हणाल्या. लोक हसले. प्रांजलही हसली, पण तिला कळेना हे चेष्टेनं होतं की तिला दिलेलं उत्तर.

भिंतीच्या कडेकडेनं सगळे चालू लागले. उथळ पाण्यात शेकाट्या उभ्या होत्या, लालभडक पायांच्या, काठ्यांवर चढल्यासारख्या. सृष्टीनं दुर्बिणीला डोळा लावला आणि तो काढलाच नाही.

"मम्मी, तिला गुडघा हाय."

"हाय की."

"मग ती बसती कशी?"

"बघत राहा. बसंल तवा कळंल." हे बोलताना प्रांजलचा एक डोळा सासूवर होता. सुलाबाई तळ्याकडं पाठ करून पलीकडच्या उसाकडं बघत होत्या. कुणाचा ऊस लोळलाय, कुणाची तोड अजून आली नाही, हे आप्पासोंना विचारत होत्या. दुर्बीण पुढं केली तर म्हणाल्या, "माझं डोळं हायत की." टिबुकलीनं बुडी मारली, खंड्यानं मासा धरला, दोन चक्रवाक सोन्याच्या रंगाचे होऊन उन्हात बसले, पण एकाकडंही त्यांनी धड बघितलं नाही. सृष्टीला वारं लागू नये म्हणून तिची शाल मात्र पुन्हा पुन्हा ओढून घेत होत्या. प्रांजलच्या मनात आलं, आज हे शेवटचंच.

दिवस डोंगराला टेकला. प्रांजलनं सगळ्यांना दगडी उतरणीवर बसवलं. समोर पाण्यात पाणकणसाच्या उंच गवताची दाट बेटं होती. "आता फक्त वर बघायचं," ती म्हणाली.

आधी उगवतीकडं धूर दिसला. मग तो धूर वळला.

"माशा," सृष्टी कुजबुजली.

"भोरड्या," प्रांजल म्हणाली. "दिवसभर शिवारात चरतात आणि रात्री या कणसांत झोपायला येतात."

हजारो पाखरं, आणि चोच चोचीला लागत नव्हती. थवा ताणला गेला, गोळा झाला, मधूनच इतका पातळ झाला की पलीकडचं आभाळ दिसावं, आणि पुन्हा काळाभोर. डोक्यावरून गेला तेव्हा गार वारा अंगावर आला. सांगलीच्या घाईच्या माणसानं मोबाइल खाली केला आणि तोंड उघडं ठेवून बघत राहिला.

"ह्या?" सुलाबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला होता. "ह्या बघाय गाड्या करून येत्यात लोकं?"

कॅनॉलचं पाणी येण्याआधी या शिवारात ऊस नव्हता. सगळी ज्वारी. कणसात दाणा भरला की सुलाबाई दिवस उगवायला रानात, चार मेढींवर बांधलेल्या माळ्यावर चढायच्या ते अंधारल्यावर उतरायच्या. हातात गोफण, आणि खाली झोळीत धनाजी. भोरड्यांचा थवा एकदा ज्वारीच्या पट्टीवर पडला की भाकरी खाऊन होईस्तोवर अर्धी पट्टी रिकामी. पोराला पाजतानासुद्धा एक नजर रानावर ठेवावी लागायची. पुढं ऊस आला. उसाला पाखराचं भय नाही. गोफण खुंटीला लागली, तिथंच उंदरांनी खाल्ली, आणि इतक्या वर्षांत सुलाबाईंना भोरडीची आठवण यायचं काही कारण उरलं नव्हतं.

थव्यानं अखेरची घिरटी घेतली आणि तिरका होऊन पाणकणसावर पडू लागला. ज्वारीवर पडायचा तसाच, सगळा एकदम, कणीस बघून सूर मारल्यासारखा.

सुलाबाई कधी उठल्या कुणाला कळलं नाही. त्यांचा उजवा हात डोक्यावर गेला, गोफण फिरवल्यासारखा गरकन फिरला, आणि तीन पट्ट्या पार जाईल अशी हाळी सुटली.

"हाऽऽऽ होऽऽऽ हाऽऽ!"

तळ्यावरची एकूण एक पाखरं उठली. ओल्या चादरी एका दमात झटकाव्यात तसा आवाज झाला आणि पाणी हाललं. शेकाट्या ओरडत लांब गेल्या. भोरड्यांचा थवा मधोमध फाटला, दोन्ही तुकडे डोंगराच्या पाठीला गेले, आणि क्षणात आभाळ असं मोकळं झालं की तिथं काही होतं यावर विश्वास बसू नये.

"झालं," सांगलीचा माणूस म्हणाला. "पिक्चर संपला."

सुलाबाईंचा हात अजून वर होता. तो जणू दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखं त्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि खाली घेतला. "म्या न्हाई," त्या पुटपुटल्या. "आपसूक गेला गं."

प्रांजलला आधी राग आला. मग त्यांचा चेहरा दिसला आणि राग कुठं ठेवावा ते कळेना. चारचौघांत अशी मान खाली गेलेली बाई पुन्हा या भिंतीवर पाय ठेवणार नव्हती, आणि दुसऱ्या कुणाला ठेवूही देणार नव्हती. सुलाबाईंनी पदर ओढला, नातीचा हात धरला. "चल सृष्टे, घरला."

"आत्या, बसा," प्रांजल म्हणाली.

या घरात आल्यापासून ती सासूशी या आवाजात बोलली नव्हती. आप्पासोसुद्धा चमकले. "मी आणलेलं माणूस मधनं उठून जात नाही. अंधार पडायच्या आत पाखरांना कुठंतरी टेकायलाच पाहिजे. बसा. वाट बघू."

भोरड्या परत येतील की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. पलीकडच्या शिवारातही ऊस होता, तिथंही झोपता आलं असतं.

सुलाबाई उभ्याच राहिल्या. मग हळूच दगडावर टेकल्या. "ज्वारीवरनं हाकलली तर दुसऱ्या टोकाला पडायची," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "इतक्या सहजी जात न्हाईत त्या."

प्रांजलनं चिवड्याचा डबा सगळ्यांत फिरवला. घाईच्या माणसानं एकदा गाडीची किल्ली काढली, बायकोनं बघितलं, त्यानं परत खिशात ठेवली. डोंगरावरचा तांबडा रंग उतरत गेला. संयोगिता बाईंचं धाकटं पोर मांडीवर पेंगलं.

भोरड्या आल्या त्या पाठीमागून. आधी आवाज, लांबून पाऊस येत असल्यासारखा, आणि वर बघेपर्यंत डोक्यावर छत. गेल्या तेवढ्याच नव्हत्या, वाटेतले आणखी थवे सोबत घेऊन आल्या होत्या. एक लाट इकडून, एक तिकडून. दोन्ही एकमेकींत शिरल्या आणि एकही पाखरू धडकलं नाही. आभाळ श्वास घेतल्यासारखं फुगत होतं, बसत होतं. खाली पाण्यातही तेच चाललेलं, उलटं. आप्पासोंनी टोपी काढून हातात घेतली होती आणि ते त्यांनाही कळलं नव्हतं.

प्रांजलनं सासूकडं बघितलं. सुलाबाईंनी उजवा हात मांडीवर डाव्या हाताखाली दाबून धरला होता. मान पार मागं टाकलेली, पदर खांद्यावर घसरलेला, डोळ्यांतलं पाणी कानाकडं चाललेलं.

"म्या कवा वर बघितलंच न्हाई गं," त्या म्हणाल्या. "खाली कणसावर नजर. उठली का उठली, झालं. ती वर जाऊन असलं कायतरी करत्यात, हे म्या कवा बघितलंच न्हाई."

प्रांजल सरकून त्यांच्या अंगाला अंग लावून बसली.

थवा तिरका झाला. या वेळी कुणाचा हात उठला नाही. मूठ सोडून दाणे ओतावेत तशा भोरड्या पाणकणसात ओतल्या गेल्या, आणि बेटंच्या बेटं किलबिलायला लागली, बाजार उठायच्या वेळी उठतो तसा कल्ला.

परत निघताना सुलाबाईंनी सृष्टीला कडेवर घेतलं. "फुडच्या आईतवारी हिला कानटोपी घाल," त्या प्रांजलकडं न बघता म्हणाल्या. "वारं लय झोंबतंय हितं. आन् चिवड्यात मीठ कमी हाय. म्या करीन."

"बरं," प्रांजल म्हणाली.

सृष्टी आजीच्या खांद्यावरून मागं, अंधारात बुडत चाललेल्या त्या बेटांकडं बघत होती.

"मम्मी, आज्जी त्यांच्यावर एवढ्या जोरात वरडली. त्या भिऊन गेल्या पण. मग झोपायला परत आपल्याचजवळ का आल्या?"