आना लिंडनरचं आख्यान

डिंगोरे गावच्या सप्ताहात कृष्णजन्माचं कीर्तन यंदा तळेघरच्या इंद्रायणीला मिळालं. आधी दृष्टांत सांगायचा आणि मग देवाचा जन्म. दृष्टांत मात्र तिनं निवडला एका जर्मन लेखिकेचा. पुण्यात शिकताना तिनं त्या बाईचं चरित्र वाचलं होतं, ते मनातून जाईना.

सप्ताहाचे कारभारी कुंडलिकआबा म्हणाले, "पोरी, ती बाई देव मानत न्हवती म्हणं?"

"देव तिला मानत असंल की, आबा."

"तोंडाची लई तिखट हाईस. सांग खुशाल. पण एक जरी माणूस मधनं उठलं, तर फुडच्या साली तुझं कीर्तन न्हाई."

संध्याकाळी मंडप भरला. आबा गळ्यात वीणा घालून मागं उभे राहिले. इंद्रायणी सांगू लागली. आना लिंडनर, गिरणीकामगाराची लेक. उपाशी माणसाच्या भाकरीसाठी तिनं लेखणी झिजवली. आयाबायांनो, लढाईला लेकरं धाडू नका, असं भर चौकात बोलली. सरकारनं कोंडली, कागद काढून घेतला. मग ती भिंतीपलीकडच्या कैदिणीला एकेक ओळ सांगायची आणि ती कैदीण ती ओळ पाठ करायची.

मंडप गारच. मंडपाच्या कडेला बसलेला रखमाजी अंधुक उजेडात पायानं चपला चाचपू लागला. इंद्रायणीनं ते पाहिलं. तिनं आवाज चढवला नाही, उलट खाली आणला.

"आणि एका पहाटे, माय, तुरुंगाची दारं उघडली."

झालं! कृष्णजन्मासाठी बायांच्या मुठीत झेंडू तयारच होता. तुरुंगाची दारं उघडली म्हणजे देव जन्मला, हे जन्मापासून कानात बसलेलं. पुढंच बसलेल्या सरूबाईनं पहिली ओंजळ उधळली, मागोमाग सगळ्या मंडपानं. मृदंग घुमला. रखमाजी चपला विसरून टाळ्या पिटू लागला.

"माय, देव अजून यायचाय. ही आना सुटली," इंद्रायणी हळूच म्हणाली.

मग सरूबाई म्हणाली, "मंग काय झालं? सुटली न्हवं बिचारी?"

मंडप हसला. पण खाली पडलेली फुलं देवाला कशी वाहायची? आबांनी वीणेला नमस्कार करून ती शेजारी उभ्या टाळकरी गेणभाऊच्या गळ्यात घातली, धोतराचा सोगा खोचला आणि मंडपामागच्या आपल्या झेंडूच्या वावराकडं निघाले.

"आबा, मधनं तुमीच निघाला की राव," रखमाजी म्हणाला.

"गप बस." आबा इंद्रायणीकडं वळले. "मी फुलं घेऊन येस्तवर देवाचा जन्म करू नको."

"तवर काय करू?"

"त्या बाईचं फुडं काय झालं, ते सांग. जरा मोठ्यानं. वावरात ऐकू आलं पायजे."