रिकाम्या खुर्चीपुढचा मायक्रोफोन

मी डब्लिनच्या हायकोर्टातला एक मायक्रोफोन. ऐकणं हे माझं काम, बोलणं नव्हे. पण आता राहवत नाही म्हणून बोलतोय.

कारखान्यातून मी थेट न्यायाधीशांच्या टेबलावर आलो. कोर्टात जे बोललं जातं ते माझ्यातून नोंदीत जातं. न्यायाधीश असेपर्यंत वकील अदबीने बोलतात. न्यायाधीश उठून गेले की मी चालू आहे हे वकील विसरतात आणि खरं बोलायला लागतात.

२०१९च्या शेवटी आमचे न्यायाधीश निवृत्त झाले आणि वकिलांच्या जिभा सैल सुटल्या. निवडणूक तोंडावर आलेली. सरकारला वाटे, जाता जाता आपल्या मर्जीतला माणूस बसवावा. विरोधक म्हणत, खबरदार, तो मान नव्या सरकारचा. "त्या अमक्याचं नाव कॅबिनेटपुढे गेलंय म्हणे," एक जण कुजबुजे. "मतं मोजल्यावर बघू," दुसरा हसे. हसायला यांचं काय जातं? प्रकरणांच्या थप्प्या वाढत होत्या आणि प्रत्येक थप्पीत कुणाचा तरी जीव टांगणीला लागला होता.

त्यातलंच एक प्रकरण हृषीकेशचं. तो इथल्याच पोर्टलीश गावात डॉक्टर. वडील गेल्यावर त्याची आई, पद्मिनीबाई, साताऱ्यात एकटी पडली. तिला इकडे आणण्यासाठी त्याने व्हिसा मागितला, सरकारने नाकारला, म्हणून तो कोर्टात आला.

जानेवारीत शेजारच्या कोर्टातले न्यायाधीश आमची यादी उरकायला येणार होते. ते यायच्या आधी हृषीकेशच्या बायकोने, स्वप्नाने, सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावला.

"कोर्ट बसलं का गं?" पद्मिनीबाईंनी विचारलं.

"बसतंय आई. जेवलात का?"

"खाल्ली की भाकरी. एकटीला कितीसं लागतंय? तुमचं आवरा आधी."

फोन ठेवला तोच हृषीकेशची वकीलबाई घाईने आली. "आज सुनावणी होऊ शकते. घ्यायची ना?"

"या जजना नेमलं कोणी?" हृषीकेशने विचारलं.

"याच सरकारने. पण त्याने काही फरक पडत नाही, डॉक्टर."

तो स्वप्नाकडे वळला. "ज्यांनी व्हिसा नाकारला त्यांचाच माणूस! कशाला रिस्क? महिन्याभरात सरकार बदलेल, इथे नवीन जज येईल. आपण तारीख घेऊ."

"अरे, आहे ते पदरात पाडून घे ना," स्वप्ना काकुळतीला आली. "आईंना किती थांबवायचं?"

"थांबेल गं ती. आपल्याकडे नाही का जज बघून तारीख मागत? काकांनी जमिनीच्या केसमध्ये तेच केलं आणि जिंकले."

वकीलबाईने आणखी कागद जोडायचे आहेत असं सांगून तारीख मागितली आणि ती मिळाली. नवरा-बायको निघून गेले. त्याच दुपारी त्याच न्यायाधीशांनी ब्राझीलच्या एका म्हाताऱ्या आईचं असंच प्रकरण ऐकलं आणि सरकारलाच धारेवर धरून व्हिसाचा नकार रद्द केला. मला हृषीकेशचा राग आला आणि कीवही आली.

पुढे निवडणूक झाली, पण बहुमत कुणालाच नाही. सरकार बनायला उन्हाळा उजाडला. तोवर करोना येऊन कोर्ट ओस पडलं होतं. तारखांवर तारखा पडत राहिल्या. नव्या मंत्र्यांचंही नेमणुकीवरून एकमत होईना. अखेर माझ्यासमोरची खुर्ची भरली ती २०२१च्या उन्हाळ्यात.

नव्या बाई न्यायाधीश चांगल्या होत्या. त्यांच्या पहिल्याच आठवड्यात हृषीकेशचं नाव पुकारलं गेलं. तो घरून पडद्यावर दिसत होता, शेजारी स्वप्ना. वकीलबाई उभी राहिली. "अर्जदाराची आई एप्रिलमध्ये कोविडने वारली. आता मागण्यासारखं काही उरलेलं नाही."

"मला फार वाईट वाटतं, डॉक्टर," न्यायाधीश म्हणाल्या. त्यांनी प्रकरण निकाली काढलं आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

आपला आवाज बंद करायचं हृषीकेशला सुचलं नाही. "स्वप्ना, इथे मी दुसऱ्यांच्या आयांना ऑक्सिजन लावत होतो गं," तो म्हणाला. "तिला मीच थांबवलं." मग तो रडायला लागला आणि कुणीतरी त्याची लाइन तोडली.

आता मी खरखरतो. माझ्या जागी नवा मायक्रोफोन येणार आहे. कोर्टाच्या नोंदीत हृषीकेशच्या त्या बोलण्याच्या जागी 'परकी भाषा' एवढंच लिहिलंय. मला काढून टाकण्याआधी कुणीतरी ते खोडा आणि तिथे लिहा, 'तिला मीच थांबवलं.' आणि त्याखाली हेही लिहा, की एकट्या त्यानेच नाही.