स्वयंपाकघरातली राज्यसभा

त्या रविवारीही पुंजाराम मास्तरांच्या घरात दोन्ही सभागृहं रीतसर भरली होती. विषय टीव्हीचा होता.

नाशिकरोडच्या त्या दोन खोल्यांत ही रीत मुलं लहान असल्यापासूनची. मास्तर शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचे, आणि वर्गात शिकवलं ते घरात पाळायचं हा त्यांचा हट्ट. बाहेरची खोली लोकसभा. तिथं मोठ्यानं बोलायचं, भांडायचं, शेवटी हात वर करायचे. आतलं स्वयंपाकघर राज्यसभा. तिथं लताबाई एकट्या. बाहेर ठरलेलं आत जायचं, आणि त्यांचा होकार आला तरच घरात लागू व्हायचं.

मुलगी उत्पला सिन्नरच्या कॉलेजात शिकवायची, तिथून एसटीनं आली होती, भाऊ चंदर बायकोला घेऊन अंबडहून. चौघांचे हात वर गेले.

"मंजूर!" चंदर ओरडला. "आई, टीव्ही आला म्हणून समज."

"अवो मास्तर, हे परत धाडता येतं का मला?" लताबाईंनी भाकरी उलटत विचारलं.

"पैशाचं विधेयक आहे, बाई. त्यात लोकसभेचंच चालतं. तुम्हाला फार तर चौदा दिवस ठेवून घेता येईल."

"मग ठेवते. चौदाच्या चौदा."

"आई, मॅच आहे गं!"

"शेजारी काळूकडं बघ जा. त्याच्या घरात एकच सभागृह हाय, लय पटकन ठरतं."

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर कळशी भरताना लताबाई खाली बसल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत.

लताबाईंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले. घरातलेच तेवढे बाहेरच्या खोलीत बसले होते, आणि मास्तरांचे भाऊ कोंडाजीकाका. चंदरनं विषय काढला.

"आप्पा, तुम्ही आता इथं एकटं राहायचं नाही. अंबडला आमच्याकडं चला. ही जागा सोडून देऊ."

त्याचे डोळे सुजलेले होते. तो मनापासूनच बोलत होता. त्याचा हात वर गेला, मग बायकोचा, मग काकांचा. शेवटी मास्तरांनीही हात वर केला. त्यांचं कोपर अंगाला चिकटलेलं होतं आणि नजर फरशीवर होती.

उत्पलानं तो हात ओळखला. ती बी.ए. झाली तेव्हा काकांनी देवळाली कॅम्पचं एक स्थळ आणलं होतं. लग्न लगेच करायचं, पुण्याला पुढं शिकायला जाण्याचा विषय बंद. मत द्यायला तीही होती. मुलीला विचारतोय या अभिमानानं आप्पा तिच्याकडे बघत होते, समोर काका होते. तिनं हात वर केला.

"परत पाठवते," आतून आई म्हणाली.

"वहिनी, पोरीनं स्वतः हात वर केलाय!"

"केला की. कोपर अंगाला चिकटवून केला. मी हितून बघितलं."

"मग संयुक्त बैठक घ्या," काका तणतणले. "तिथं आमची मतं जास्त!"

मास्तर बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "ती राष्ट्रपतींनी बोलवायची असते, कोंडाजी. आपल्या घरात राष्ट्रपती नाही."

उत्पला पुण्याला गेली. दुसरं सभागृह कशाला हवं, यावर तिनं तिथं पुष्कळ वाचलं. घाईनं ठरलेल्या गोष्टीकडे पुन्हा एकदा बघणारं कुणी असावं, असं मोठमोठे लोक पानंच्या पानं सांगत होते. वाचताना तिला दर वेळी स्टोव्हपुढची आई दिसायची. हे आईला सांगावं असं वाटायचं. मग ती रविवारी यायची, आईला वांगी चिरून द्यायची आणि न सांगताच परत जायची.

आता बाहेरच्या खोलीत चार हात वर होते. "मंजूर," चंदर म्हणाला. सवयीनं त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि तो अडखळला. "आत तर आता कुणी नाही. म्हणजे हेच शेवटचं."

"चूक," मास्तरांच्या तोंडून वर्गातल्यासारखं निघून गेलं. "लोकसभा बरखास्त होते. राज्यसभा कधीच होत नाही. माणसं जातात, त्यांच्या जागा..."

उत्पलानं अजून हात वर केला नव्हता. ती उठली, आत गेली आणि स्टोव्हजवळच्या आईच्या पाटावर बसली. दाराला अर्धा पडदा होता. पाटावरून बाहेरच्यांची तोंडं दिसत नव्हती. पडद्याखालून दिसत होते ते नुसते गुडघे, मांड्या आणि कोपरं.

इतकी वर्षं आई हे बघत होती.

"परत पाठवते," उत्पला म्हणाली. "आप्पांना पुन्हा विचारा. हात वर करायला लावू नका."

मग चंदरचे गुडघे मास्तरांच्या जवळ सरकले. "आप्पा, तुम्हाला काय वाटतं?"

"मला इथंच राहायचंय रे," मास्तर म्हणाले.

"बरं," चंदर म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा, "बरं, आप्पा."

उत्पला स्टोव्हकडे तोंड करून बसली होती. बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्ट आवाजात ती बोलली.

"आई, मला ते लग्न नको होतं. तू बघितलंस. तू बघितलंस म्हणून मी शिकले."