दोन मैलांवरचा ससा

मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुनी रायफल आहे खरी, पण माझा धाक आता झुरळांनाही वाटत नाही. माझा दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा आणि नळी इतकी सरळ, की कारखान्यातला तपासनीस तिच्यातून पाहून "वा!" म्हणाला होता. पुढे मला एका घड्याळजींनी विकत घेतले आणि घरातल्याच दुकानात लंबकाच्या घड्याळांमध्ये टांगून ठेवले.

घड्याळजी कामात सेकंदाची चूक खपवून घेत नसत. संध्याकाळी हत्यारे आवरून मला मांडीवर घेतले, की मात्र मैलांना धरबंध राहत नसे. शिंपी आणि दातांचे डॉक्टर हे त्यांचे दोस्त रोज हजर असत. बैठकीचा नियम ठरलेला होता. बंदूक ज्याच्या मांडीवर, बोलायचा मान त्याचा. कुणी कुणाला खोटे पाडायचे नाही. पटले नाही, तर त्याहून मोठी गोष्ट सांगायची.

"दोन मैलांवर, त्या समोरच्या टेकडीच्या दगडावर ससा!" घड्याळजी सांगत. "गोळी झाडली, चहा प्यायलो, सायकलवर टांग मारली. टेकडीवर पोचतो तर काय, गोळी मागून येतेय! मीच बाजूला होऊन तिला वाट दिली."

शिंपी मला ओढून घेत. "मी नेम धरला तेव्हा सशाचं पिल्लू होतं. गोळी पोचली तेव्हा त्याला नातवंडं झाली होती!"

डॉक्टरांनी तर एका गोळीत सात तित्तर पाडले होते. आठव्याला म्हणे एकट्याला करमेना, म्हणून तो आपणच खाली उतरला.

मला चाप आहे, जीभ नाही, हे त्या तिघांचे नशीब! पण खरे सांगते, मला ते आवडत असे. न केलेल्या पराक्रमाचे कौतुक कुणाला नको असते?

मग एके दिवशी घड्याळजींच्या मुलीने आपल्या पसंतीचा मुलगा वडिलांना भेटवायला आणला. तो जमीनमोजणी खात्यात मोजणीदार होता. "बाबांच्या गोष्टीला नुसती मान डोलव," असे तिने दारातच बजावले होते. त्याने डोलावलीही. पण दोन मैल ऐकले आणि त्याला राहवले नाही.

"काका, तो दगड दोन मैलांवर नसणार."

शिंप्यांचा कप हवेतच राहिला. घड्याळजी लालबुंद झाले. "मग या मोजून! आणि एक इंच जरी कमी भरलं, तर या घरात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही!"

बिचारा टेप घेऊन निघाला. मुलगी खिडकीशी उभी राहून रडू गिळत होती. टांगलेली तर मी रोजचीच, पण त्या दिवशी माझा जीवही टांगणीला लागला.

तासाभराने तो धुळीने माखून परतला.

"चारशे दहा मीटर," तो म्हणाला.

घड्याळजींनी मान खाली घातली. मुलीने ओठ चावला. मला वाटले, संपले सगळे. इतक्यात त्याने पुढे होऊन मला उचलले आणि आपल्या मांडीवर घेतले.

"पण हे आजचं अंतर झालं, काका. तुम्ही गोळी झाडलीत तेव्हा टेकडी दोन मैलांवरच होती. तुमच्या नेमाला भिऊन ती शरण यायला निघालीय. आमच्या खात्याला दरवर्षी नकाशे का बदलावे लागतात, ते मला आज कळलं!"

शिंपी खुर्चीवरून घसरले. डॉक्टरांनी दोन्ही हात जोडले. घड्याळजींनी चष्मा काढून डोळे पुसले आणि मुलीला म्हणाले, "अगं, बघतेस काय? जावईबापूंना चहा दे!"

दोस्त घरी गेल्यावर घड्याळजी जावयाजवळ सरकले.

"तुम्ही खरं मोजलंत, म्हणून तुम्हाला खरं सांगतो. ससा सहा पावलांवर होता. मजेत कान खाजवत बसला होता. माझ्याच्यानं चाप ओढवला नाही. लोक हसतील म्हणून मग दरवर्षी त्याला थोडा लांब नेत गेलो."

जावयाने खिशातून वही काढली. "नोंद करू?"

"करा. पण पेन्सिलीनं."

मित्रांनो, सगळ्या गप्पांमध्ये मिळाले नव्हते एवढे समाधान मला त्या सहा पावलांनी दिले. आज घड्याळजी नाहीत. माझ्या नळीत कोळ्याने संसार थाटला आहे आणि दस्त्यावर बोटभर धूळ आहे. तुमच्या घरी अशी एखादी म्हातारी रायफल असेल, तर मोठ्यांना सांगा, तिला पुसा, तेलाचा हात फिरवा. गोळी मात्र भरू नका. निदान मला तरी तिची सवय नाही.